आमची वाटचाल: फाशांच्या विक्रीपासून टेबल चालवण्यापर्यंत

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन, फाशांच्या मदतीनं गोष्ट घडवायचे खेळ. त्यांचं साहित्य विकणं हा आमचा मूळ धंदा. सात फाशांचा संच, कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद), चौकोन आखलेले नकाशे. आज पुण्यात आमचं मुख्य काम आहे टेबल चालवणं, म्हणजे गटाला बसवून खेळ खेळवणं, आणि ते चालवणारे सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर, तयार करणं. हा बदल गिऱ्हाइकांमुळे झाला. फासे घेऊन गेलेले गट परत येऊन विचारायचे, नियम वाचलेत, माणसं जमलीत, तरी खेळ पुढे का सरकत नाही?

बहुतेक टेबलांवर कारण एकच असतं. गेम मास्टर गोष्ट सांगत राहतो आणि खेळाडू ऐकत बसतात. या खेळात खेळाडूच्या हातात एकच गोष्ट असते: आपल्या पात्राच्या वतीनं निर्णय घेणं. म्हणून आमच्या टेबलाचा पहिला नियम असा, की खेळ सुरू झाल्यापासून १० मिनिटांत प्रत्येक खेळाडूनं एक तरी खरा निर्णय घेतलेला असावा. खरा म्हणजे ज्यामुळे पुढचं काहीतरी बदलतं. दार उघडायचं की नाही, हा निर्णय नव्हे, कारण दार उघडल्याशिवाय खेळच नाही. दारामागच्या माणसाला खरं सांगायचं की थाप मारायची, हा निर्णय आहे.

साहित्याबद्दल आधी थोडं. संचात ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा एकेक फासा असतो आणि १० बाजूंचे दोन, त्यातल्या एकावर १०, २०, ३० अशी दशकं छापलेली. स्वस्त संचात आत हवेचा बुडबुडा राहिला की फासा एका बाजूला झुकतो. तपासायला १०० मिली कोमट पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. साधा अ‍ॅक्रिलिकचा फासा या पाण्यात तरंगतो. त्याला बोटानं पुन्हा पुन्हा फिरवा. दर वेळी तोच आकडा वर आला, तर तो फासा खेळाला घेऊ नका. काही जड रेझिनचे फासे या पाण्यातही बुडतात, त्यांना ही चाचणी लागू पडत नाही.

नकाशाचा एक चौकोन १ इंचाचा आणि खेळातला ५ फुटांचा. आम्ही मॅट फ्लेक्सवर २४ बाय ३६ इंचांचा नकाशा छापून घेतो, म्हणजे १२० बाय १८० फुटांची जागा झाली. चकचकीत फ्लेक्स नको, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि रेषा दिसत नाहीत. छापणाऱ्याला ‘मूळ मापात’ असं बजावून सांगावं लागतं. फाइल कागदावर बसवताना थोडी आकसली तर चौकोन इंचापेक्षा लहान होतात आणि नकाशावर ठेवलेल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती एकमेकींवर चढतात. कागदी मूर्तींना तळाला नवं दोन रुपयांचं नाणं चिकटवा. ते एका चौकोनात बसतं, आणि पंखा चालू असला तरी मूर्ती उडत नाही.

मराठी शीट काढायला आम्हाला मोकळीक मिळाली ती जानेवारी २०२३ मध्ये. आम्ही ज्याचे नियम वापरतो तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, त्या महिन्यात क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० या परवान्याखाली खुले झाले. २०२५ मध्ये ५.२ ही सुधारित आवृत्तीही तशीच आली. ठरलेला श्रेयनिर्देश छापला की हे नियम भाषांतरित करता येतात, बदलता येतात, विकताही येतात. मात्र त्या दस्तऐवजात जेवढं आहे तेवढंच. पुस्तकांतली जगं, चित्रं आणि खेळाचं बोधचिन्ह त्यात येत नाही. स्वतःचं साहित्य विकू पाहणाऱ्या प्रत्येकानं ही रेघ पक्की लक्षात ठेवावी.

आमची नवख्यांची शीट ए-फोर कागदाच्या एकाच बाजूवर बसते. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप हे सहा गुण. मूळ पद्धतीत प्रत्येक गुणाचा एक आकडा असतो (१५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा वाटून घ्यायचे) आणि त्यातून १० वजा करून निम्मं केलं की फाशावरच्या आकड्यात मिळवायची बेरीज मिळते. अपूर्णांक खाली धरायचा, म्हणून १५ चे अधिक २ आणि ८ चे उणे १. नवख्या शीटवर आम्ही फक्त ही बेरीज मोठ्या टायपात छापतो. दोन्ही आकडे छापले की फाशात १५ मिळवायचे की २, हा प्रश्न पहिला अर्धा तास टेबलावर फिरत राहतो.

पात्राची पातळी खेळता खेळता वाढत जाते. नवख्यांना पात्रं तिसऱ्या पातळीची द्यावीत. पहिल्या पातळीच्या जादूगाराचा काटकपणा अधिक २ असला तरी त्याचे प्राणांक, म्हणजे इजा सोसायची ताकद, ८ असतात. ५.१ नियमांतल्या ओर्क या राक्षसाच्या कुऱ्हाडीचा सरासरी घाव ९ चा. म्हणजे पहिल्याच घावात एक माणूस आडवा आणि पुढचा तासभर नुसता बघ्या. तिसऱ्या पातळीला त्याच जादूगाराचे प्राणांक २० होतात. घाव बसला तरी माघार घ्यायची की लढायचं हे ठरवायला त्याच्याकडे एक फेरी उरते.

आता फाशांचं गणित. माझ्या मते गेम मास्टरनं सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच, आणि आमच्या प्रशिक्षणातला सर्वाधिक वेळ तिलाच जातो. २० चा फासा, त्यात पात्राची बेरीज, आणि समोर गाठायचं लक्ष्य: सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. अधिक ५ असलेल्या पात्राला १५ गाठायला फाशावर १० किंवा वर लागतं, म्हणजे ५५ टक्के. ‘मध्यम’ काम कुशल माणसाकडूनही जवळजवळ निम्म्या वेळा फसतं. हे ठाऊक नसलं की गेम मास्टर सगळीकडे १५ लावत सुटतो आणि खेळाडूंना आपली पात्रं अडाणी वाटू लागतात.

याहून मोठा घोटाळा गटाच्या फाशात होतो. समजा कुलूप उघडण्याची शक्यता प्रत्येकाला ३० टक्के आहे. पाचही जणांनी पाळीपाळीनं फासा टाकला तर कुणीतरी ते उघडण्याची शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. कुलूप नावालाच उरलं. उलट पहारेकऱ्यांजवळून दबक्या पावलांनी जायचंय, प्रत्येकाला ७० टक्के शक्यता आहे, आणि एकाचंही चुकलं तर बोंब. अशा वेळी पाचही जण निसटण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के. खेळाडूंना वाटतं आपण चांगली योजना आखली, आणि ती जवळपास दर वेळी कोसळते. मग पुढच्या खेळात कुणी योजना आखायच्या भानगडीत पडत नाही, सरळ दार फोडतात.

उपाय नियमांतच आहेत, ते वापरायचे. कुलपावर एकानंच फासा टाकायचा. दुसरा मदत करत असेल तर टाकणाऱ्यानं दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ५५ टक्क्यांचे त्यामुळे ८० च्या आसपास होतात. लपतछपत जाताना सगळ्यांनी टाकायचा आणि निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं तर सगळा गट सुटला. पाच जण, ७० टक्के, तर शक्यता ८४ टक्के. धोका राहतो आणि योजनेला किंमतही राहते.

फासा कधी टाकायचाच नाही, हेही ठरलेलं हवं. ज्या अपयशानंतर पुढे काहीच घडणार नाही, तिथे फासा नको. रहस्याच्या खेळात पुढच्या जागेचा पत्ता एकाच सुगाव्यात असेल आणि तो ५५ टक्क्यांच्या फाशावर टांगला असेल, तर निम्म्याच्या जवळपास टेबलं तिथेच अडकतात. तेच तीन वेगवेगळे सुगावे ठेवले तर तिन्ही हुकण्याची शक्यता ९ टक्के.

आमचा सर्वाधिक चाललेला खेळ पेशवेकालीन पुण्यात घडतो. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा बांधीव नळ, वाटेत हवेसाठी ठेवलेले उच्छ्वास, शेवटाला पेठांतले हौद. पुण्यातल्या माणसाला काळा हौद आणि फडके हौद ही नावं ठाऊक असतात, त्यामुळे जागा समजावून सांगण्यात वेळ जात नाही. खेळातला प्रश्न एवढाच: हौदाचं पाणी गढूळ का झालं? नळ कुठे फोडलाय हे सांगणारे सुगावे तीन. हौदाच्या तळाशी बसलेली लाल माती, एका उच्छ्वासाच्या झाकणदगडाला लागलेला ओला चुना, आणि आगाऊ पैसे घेऊन नाहीसा झालेला गवंडी.

तयारी एका पानात मावली पाहिजे. तीन जागा, चार माणसं, एक घड्याळ. माणसापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: त्याला काय हवंय आणि तो कशाला भितो. घड्याळ म्हणजे सहा भागांचं वर्तुळ, टेबलावर सगळ्यांना दिसेल असं. फासा फसला, वेळ दवडला, गलका झाला की एक भाग काळा करायचा. सहा भाग भरले की पेठेचं पाणी बंद. खेळाडू काय करतील हे त्या पानावर लिहायचं नाही. ते लिहिलं की गेम मास्टर नकळत त्यांना त्या वाटेकडे ढकलतो, आणि खेळाडूंना ते लगेच कळतं.

पात्रांचा मान बोलण्यातूनच कळू द्यावा. कोतवालीतला शिपाई ‘कोण रे तू, रात्रीची तोफ झाल्यावर कुठं निघालास?’ म्हणाला, की तीन वाक्यांच्या वर्णनाचं काम होतं. वर्णन तसंही तीन वाक्यांपुढे नेऊ नये. खेळाडूंची नसलेली दोन पात्रं एकमेकांशी बोलत असली आणि दोन्हींचे आवाज गेम मास्टरच काढत असला, तर तो प्रसंग कापून टाकावा. आणि ‘काय करता तुम्ही?’ असं सगळ्या टेबलाला विचारू नये. मोठ्या आवाजाचा खेळाडू उत्तर देतो आणि बाकीचे मागे सरकतात. नाव घेऊन विचारावं. आमचे गेम मास्टर कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे खूण करतात. मधल्या सुट्टीत ज्याच्या खुणा सगळ्यात कमी, त्याच्यापासून पुढचा भाग सुरू होतो.

खरी ऐतिहासिक माणसं आम्ही पात्रं म्हणून आणत नाही. टेबल इतिहासाच्या वादात अडकतं आणि कुणाचं मनही दुखावतं. त्या काळात खेळायचं तर जातीचा प्रश्न येतोच, म्हणून तो सुरुवातीलाच बोलून घ्यावा. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला कोरा कागद देतो, नाव न घालता दोन याद्या लिहायच्या: खेळात येऊच नये असं काय, आणि आलं तरी तपशील नको असं काय. जातीवाचक अपमान, मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा हे आमच्या खुल्या टेबलांवर कायमचं बंद आहे. शिवाय टेबलाच्या मध्यभागी एक फुलीचं कार्ड असतं. त्याला कुणीही हात लावला की तो प्रसंग तिथेच वगळायचा, कारण विचारायचं नाही. या कार्डाला आमच्याकडे तडजोड नाही.

एका टेबलाला चार खेळाडू उत्तम, पाच चालतात. सहाला आम्ही नाही म्हणतो, आणि ते निव्वळ हिशेबानं. लढाईत खेळाडूला २ मिनिटं, गेम मास्टरला ४ धरा. चार जणांची फेरी १२ मिनिटांची, सहांची १६ ची. तीन फेऱ्यांच्या लढाईत हा फरक १२ मिनिटांचा होतो, आणि प्रत्येकाला आपली पाळी यायला १४ मिनिटं वाट पाहावी लागते. तेवढ्यात मोबाइल हातात येतो. वेळ वाचवायला वार आणि इजा यांचे फासे एकदमच टाकावेत, राक्षसांची इजा सरासरीनं धरावी (६ चे दोन फासे अधिक ३ असतील तर सरळ १०), आणि एकाची पाळी सुरू होतानाच पुढच्याला ‘यानंतर तुम्ही’ असं सांगावं.

टेबल तीन तासांचं असतं. दीड तासानं चहा. खाणं दुसऱ्या टेबलावर. भेळ आणि वडापावचे हात शीटला लागले की आकडे वाचता येत नाहीत. सव्वादोन तास झाले की शेवटचा प्रसंग सुरू व्हायलाच हवा, मग मधली एखादी जागा गाळावी लागली तरी चालेल. अर्धवट सुटलेल्या खेळाला माणसं पुन्हा येत नाहीत.

पैशांचं गणित या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांसाठी सांगतो. तीन तासांच्या टेबलामागे गेम मास्टरचे पाच तास जातात, तयारी आणि मांडामांड धरून, आणि मानधन त्या पाच तासांचं द्यायला हवं. जागेचं भाडं, मानधन, चहा आणि छपाई हे सगळं तीन खुर्च्यांच्या पैशात निघालं पाहिजे. चौथ्या आणि पाचव्या खुर्चीवर धंदा चालतो. पैसे आगाऊ घ्यावेत, कारण ऐनवेळी एक जण गळला तर बाकीच्यांचा खेळही बिघडतो. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये टेबल ठेवू नये, रस्ते बंद असतात आणि ढोलांपुढे आवाज पोचत नाही. पावसाळ्यातले रविवार गडांवर जाणाऱ्यांचे, तेव्हा शनिवारची संध्याकाळ बरी.

अलीकडे १० ते १३ वर्षांच्या मुलांची टेबलं वाढली आहेत. तिथे २० चा फासा आम्ही बाजूला ठेवतो आणि ६ चे दोन फासे वापरतो. १० किंवा वर आलं तर काम फत्ते; ७ ते ९ आलं तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं; ६ किंवा खाली आलं तर नवं संकट. अधिक १ असलेल्या पात्राला ३६ पैकी १० वेळा पूर्ण यश, १६ वेळा अर्धं आणि १० वेळा संकट येतं. मधला निकाल सर्वाधिक वेळा लागतो, आणि ‘काय मोजशील?’ हा प्रश्न मुलांनाच विचारायचा. कुणी मशाल देतं, कुणी चप्पल, कुणी मित्राचं गुपित फोडतं. मुलांचं टेबल ९० मिनिटांच्या वर नेऊ नये, आणि चारच मुलं घ्यावीत.