झेंड्याचे मीटर: रस्ता पुढे की घड्याळ पुढे

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत झेंड्याचे मीटर, म्हणजे बाहेरचा झेंडा खाली पाडला की भाडे मोजू लागणारे जुने यांत्रिक मीटर, लावलेली टॅक्सी चढवली असे धरा. बोट नदी ओलांडते, टॅक्सीची चाके मात्र जागची हलत नाहीत. चाकांकडून मीटरला काहीच कळत नाही, तरी आकडा पुढे सरकतो, कारण आत एक घड्याळ चालू असते. रस्ता आणि घड्याळ यांतले जे पुढे असेल त्याच्याकडून आकडा ढकलून घ्यायचा, एवढेच काम या यंत्राला करायचे होते. विजेचा एक थेंबही न वापरता ते त्याने इतके चोख केले, की आजच्या डिजिटल मीटरचा हिशेबही बराचसा त्याच पायावर उभा आहे.

जर्मनीत ब्रून या संशोधकाने असे मीटर 1891 मध्ये तयार केले. 1897 मध्ये डाइमलरच्या मोटारगाडीवर मीटर बसले. सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या तुंब्यावरून फिरती केबल मीटरपर्यंत आणत. पुढे ती गिअरबॉक्समधून, स्पीडोमीटरच्या जोडीने, घेऊ लागले.

केबल मीटरात शिरली की वर्म गिअरने, म्हणजे स्क्रूसारख्या दांडीने दातेरी चाक सावकाश फिरवणाऱ्या जोडीने, तिचा वेग खूप कमी होतो आणि एक मुख्य दांडा सावकाश फिरू लागतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूने घड्याळाची गिअरमाळ येते: कमान, लयीत झुलणारे बॅलन्स व्हील, त्या लयीत गिअर एकेक दाता सोडणारे एस्केपमेंट, अगदी टेबलावरच्या घड्याळासारखे. कमानीला काही मीटरांत किल्लीने चावी देत, काहींत झेंडा फिरवतानाच ती भरे. दोन्ही बाजू दांड्याला थेट जोडलेल्या नसतात. प्रत्येकीच्या मध्ये रॅचेटचे चाक आणि खिटी असते, जी एकाच दिशेने ढकलते. जी बाजू वेगाने फिरते ती दांडा ओढून नेते. मागे पडलेल्या बाजूची खिटी दात्यांवरून नुसती टकटक करत घसरते.

हिशेबासाठी दर 200 मीटरला किंवा दर 2 मिनिटांना एक टप्पा धरू. 2 मिनिटांत 200 मीटर म्हणजे ताशी 6 किलोमीटर. गाडी त्याहून हळू असली की घड्याळ दांडा फिरवते, त्याहून जलद झाली की रस्ता. वाहतूक कोंडीत हा ताबा वारंवार इकडून तिकडे जातो आणि प्रवाशाला कळतही नाही.

दांडा सावकाश फिरतो, पण आकडा सावकाश सरकून चालत नाही. खिडकीत अर्धा चार आणि अर्धा पाच दिसला तर भाडे किती द्यायचे? म्हणून दांड्यावर गोगलगायीच्या शंखासारखा वळत मोठा होत जाणारा कॅम असतो. तो स्प्रिंग लावलेला लिव्हर हळूहळू उचलतो, टोकाला पोचला की सोडून देतो. लिव्हर खटकन पडतो आणि आकड्यांचा ड्रम पुरते एक घर पुढे जातो. मला तरी या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

किमान भाड्याच्या अंतरासाठी वेगळी तबकडी असते. ते अंतर 1600 मीटर असेल, तर 8 टप्पे पुरे होईपर्यंत ती लिव्हरला आकडा बदलू देत नाही. हे टप्पे घड्याळही खाते. सुरुवातीलाच सिग्नलवर 2 मिनिटे गेली, तर किमान भाड्यातले 200 मीटर संपले. पुष्कळ भांडणे इथून सुरू होत, आणि मीटर बरोबरच असे.

झेंडा वर म्हणजे गाडी रिकामी. खाली पाडला की दांडा जोडला जातो. पैसे घेताना झेंडा मधल्या एका जागी ठेवला की घड्याळाचा दांड्याशी संबंध सुटतो, म्हणजे सुटे पैसे शोधण्याचे भाडे लागत नाही. पुन्हा वर केला की आकडे मूळ जागी.

खोट मीटरच्या डब्यात कमी आणि डब्याबाहेर जास्त, हे आधी ध्यानात घ्यावे. 600 मिलिमीटर व्यासाचे चाक किलोमीटरला साधारण 530 फेरे घेते. टायर झिजून व्यास 588 झाला की फेरे 541 होतात. म्हणजे किमान भाड्याचे 1600 मीटर 1568 मीटरलाच, 32 मीटर आधी, संपतात. हवा कमी असली तरी तेच. म्हणून तपासणीआधी हवा बरोबर भरायची, मगच मोजलेल्या रस्त्यावर गाडी चालवायची.

मीटर आणि स्पीडोमीटर दोन्ही बंद पडले तर दोष गिअरबॉक्सच्या बाजूला. मीटर एकटेच बंद असेल तर त्याची केबल मीटरकडून सोडवा, गाडी थोडी ढकला आणि आतली तार फिरते का पाहा. झटके देत फिरली तर केबल कुठेतरी मुरडली आहे किंवा कोरडी पडली आहे. ग्रीस लावताना मीटरकडचे सात-आठ इंच कोरडेच ठेवा. नाहीतर ग्रीस तारेबरोबर वर चढते, घड्याळात जाते आणि घड्याळ मागे पडू लागते. त्यात नुकसान चालकाचे. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत कमानीला गंजही लवकर धरतो. घड्याळ तपासायला गाडी उभी ठेवून झेंडा पाडायचा आणि आकडे पडण्यामधला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. पहिला आकडा धरायचा नाही, तो किमान भाड्याच्या टप्प्यातून येतो.

लबाडीही बाहेरच होते. चाकाच्या मापाशी मीटर जुळवणारी छोटी गिअरपेटी केबलच्या वाटेत असते. तिच्यातले 20 दात्यांचे, दुसऱ्या गिअरने फिरवले जाणारे गिअर काढून 19 चे बसवले की मीटर सव्वापाच टक्के जलद. शिसाचे सील फक्त डब्याला लावून काहीच साधत नाही; या पेटीला आणि केबलच्या दोन्ही नटांना तार ओवून सील हवे.

दर वाढला की गिअर आणि ड्रम बदलणे हजारो गाड्यांना परवडणारे नव्हते. मुंबईत म्हणून वर्षानुवर्षे मीटरवर जुनाच आकडा पडत राहिला आणि खरे भाडे दरपत्रकात पाहावे लागले. डिजिटल मीटरने ही अडचण संपवली. पण ते चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून अंतर मोजत असेल, तर झिजलेल्या टायरचे ते 32 मीटर त्यातही येतात. पणजी असो वा मडगाव, नवे टायर घातले की मीटर पुन्हा जुळवून घ्यावे.