फेब्रुवारीतलं तोरणमाळ: दव गोठायची रात्र कशी धरायची

थंडी वाढली की दरवर्षी मोबाइलवर तोच फोटो फिरतो, ‘सातपुड्यात बर्फ पडला’. पडत काहीच नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या डाब, तोरणमाळ भागात गवतावरचं दव गोठतं. डिसेंबर-जानेवारीत ते बघायला फार डोकं लागत नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा पारा ५-६ वर आला की गाडी काढायची. फेब्रुवारीचा मध्य मात्र काठावरचा. ऊन चढलेलं, रात्र आखडलेली, जमीन तापायला लागलेली. अर्ध्या अंशानं जमतं किंवा फसतं. आम्ही मुद्दाम तेव्हाच गेलो.

आधी हिमाचलकडे बघायचं. तिकडे बर्फ टाकून पश्चिमी प्रक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) पूर्वेला सरकला की त्याच्या मागून राजस्थान-गुजरातमार्गे उत्तरेचा कोरडा वारा खान्देशात उतरतो. पण पहिल्या रात्री तो वारा वाहताच असतो, हवा ढवळत राहते, दव धरत नाही. वारा पडतो ती पुढची रात्र आपली. फार वाट बघितली तर पुढच्या प्रक्षोभाचे उंच, पिंजलेले ढग येतात, आणि ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडी. उष्णता वर निसटतच नाही. म्हणून आम्ही शुक्रवार सोडला आणि शनिवारी निघालो. शहाद्याला चहावाल्यानं विचारलंच, “इतला हिवमा कथा चालनात भाऊ?” (एवढ्या थंडीत कुठे निघालात?)

खरा घोळ उंचीच्या हिशेबात आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर, म्हणजे कुल्लू शहरापेक्षा थोडंच कमी. धुळं अडीचशेच्या आसपास. हजार मीटरला साडेसहा अंश हा शाळेतला नियम लावला, तर धुळ्याच्या ९ मधून ६ गेले, उरले ३. मार्चमधल्या हिमाचलातल्या ओल्या बर्फाला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. तिथे हवा ढगाळ आणि ढवळलेली असते, वर जावं तसं गार. कुल्लूत पाऊस असतो तेव्हा मनालीच्या वरच्या सोलंगला बर्फ. आपल्याकडच्या निरभ्र, निवांत रात्री गणित उलटं फिरतं. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत सखल जागी साठते आणि कडा त्यामानानं उबदार राहतो. पहाटे सीताखाईच्या कड्याजवळ आमच्या थर्मामीटरवर ९ होते. यशवंत तलावाच्या पलीकडच्या खोलगट गवताळ पट्ट्यात ३. उंचीत फरक नगण्य.

३ अंशांत दव कसं गोठेल, असं सोबतचा भाचा विचारत होता. पारा मोजतात तो जमिनीपासून सव्वा मीटर वरच्या हवेचा. निरभ्र रात्री गवताचं पातं त्याहून तीन-चार अंश जास्त गार होतं. तेवढ्यावर आमचं काम झालं: सूर्य वर यायच्या सुमारास वाळक्या गवतावर आणि उभ्या असलेल्या एका मोटरसायकलच्या सीटवर पांढरी, खरखरीत साय. रिसॉर्टच्या अंगणात साधं ओलं दव. साडेसातच्या पुढे सगळं पाणी. ‘मिनी काश्मीर’ वगैरे डोक्यात घेऊन जाणाऱ्यांनी घरीच झोपावं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. अ‍ॅपमध्ये तोरणमाळ टाकलं की आधी ते कुठली उंची धरतंय ते बघा. पुष्कळदा ते आजूबाजूच्या दऱ्याखोऱ्यांची सरासरी काढतं आणि तापमान जास्त दाखवतं. किमान तापमानाइतकाच दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा, महत्त्वाचा. संध्याकाळी तो १ ते ३ च्या दरम्यान असेल तर आशा ठेवा. उणे पाचच्या खाली असेल तर हवा फार कोरडी. हुडहुडी भरेल, पांढरं दिसणार नाही. तलावाच्या अगदी काठाशी थांबू नका, पाणी रात्रभर ऊब सोडत असतं. झाडाखालीही नको.

पेट्रोल शहाद्यातच भरा, रोख पैसे तिथूनच घ्या. राणीपूरनंतर घाट सुरू होतो. सात पायरीची वळणं अंधारात दुचाकीवर चढू नका, आदल्या दिवशी उजेडातच वर पोहोचा. महाशिवरात्रीला गोरखनाथांची यात्रा भरते, तेव्हा खोली मिळणं कठीण आणि घाटात गाड्यांची रांग. दव बघायला ते दिवस टाळलेलेच बरे.

आणि फोटोसाठी गहू-हरभऱ्यात शिरू नका. ज्या पहाटेसाठी आपण हौसेनं जातो, त्याच पहाटे खाली रावेर-यावलला केळीवाले चरक्याच्या, म्हणजे थंडीनं केळी खराब होण्याच्या, भीतीनं रात्रीचं पाणी देत असतात, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करत असतात. वर पाड्यांमधले शेतकरीही पिकाकडे त्याच काळजीनं बघतात. कुणाच्या शेताजवळ थांबायचं असेल तर आधी विचारा. आम्ही विचारलं, तर दादांनी स्वतःच सांगितलं की पांढरं बघायचं असेल तर नाल्याच्या वळणावर जा, तिथे सगळ्यात आधी धरतं. तिथे खरोखरच थर जाड होता.