रात्रीचे तीन, मी आणि पिठाची चाळणी

एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातावर लेक झोपलीय, त्यामुळे चुका सांभाळून घ्या. झोपलीय म्हणजे आत्ता झोपलीय, पाच मिनिटांनी काय ते तिलाच माहीत.

मी वीस वर्षांची, लेक तेरा महिन्यांची. आमच्याकडं बीड जिल्ह्यात, गेवराईच्या बाजूला हे ऐकून कुणी दचकत नाही. माझं लग्न अठरा पूर्ण झाल्यावर पाचव्या आठवड्यात लागलं. आधीच उरकणार होते पण त्याच्या मागच्या वर्षी गावातलं एक लग्न ग्रामसेवकानं येऊन थांबवलं होतं, मग सगळे माझ्या वाढदिवसाची वाट बघत बसले. मला तर वाटलं यंदा केक आणतील! घाई कशाची, तर कोयत्याची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस हाफ कोयता, आणि मुकादमाकडून, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्याकडून, मोठी उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) घ्यायची तर कोयता पूर्ण पाहिजे. म्हणून पोरं-पोरी लवकर उजवतात. अकरावी अर्धी राहिली ती राहिलीच.

नवरा मला सातवा महिना असताना गेला. मेला नाही, गेला. फोन बंद, सासरचे म्हणतात आम्हालाच माहीत नाही. त्याच्याबद्दल एवढंच.

पहिलं बाळंतपण माहेरी म्हणतात ना, मी आले माहेरी. पण माझी तारीख होती २०२४ च्या डिसेंबरातली, आणि दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं निघतं ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि कुत्री. आई बाळंतपणाला दोन दिवस आली. दोन दिवस म्हणजे दोन खाडे, त्याचे पैसे कापले ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी डोळे पुसत एसटीत बसली कारण उचल तिच्या आणि आण्णांच्या (माझे वडील) दोघांच्या अंगावर होती. घरात मी, दोन शेळ्या, आणि दोन किलो दोनशे ग्रॅमचं लेकरू.

आशाताई मात्र येत होत्या. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, असं बेचाळीस दिवसांपर्यंत त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. वजन कमी म्हणून त्यांनी बाळाला माझ्या छातीशी उघड्या अंगानं धरायला शिकवलं, वरून लुगडं गुंडाळून. शेजारची म्हातारी (सगळ्या गावची आजी, तिला आम्ही जिजी म्हणतो) मध चाटवायला वाटी घेऊन आली होती, आशाताईंनी दारातच अडवलं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. जिजी चिडून गेली ती आठ दिवस बोलली नाही, वर गावभर सांगितलं की पोरीला लेकरू सांभाळता येत नाही म्हणूनच नवरा गेला.

दिवस निघून जायचे. रात्री नाही निघायच्या. दीड महिन्याची लस दिली त्या रात्रीचं सांगते. मांडीला गाठ, अंग तापलेलं, नर्सबाईंनी दिलेलं तापाचं औषध पाजलं तरी रडणं थांबेना, आणि लाइट गेलेली. मी चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते, सतरा पावलं, परत सतरा, मग मीच रडायला लागले, आणि खरं सांगते एका क्षणाला तिला गोधडीवर ठेवून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले कारण मला माझीच भीती वाटली. दोन-तीन मिनिटं असेल. आत आले आणि काय करावं ते सुचेना म्हणून सकाळच्या भाकरीचं पीठ चाळायला घेतलं. खस् खस् खस्. ती गप्प. थांबले की रडणं सुरू. मग मी तेच पीठ तासभर चाळलं. परातीतून चाळणीत, चाळणीतून परातीत.

तेवढ्यात आईचा फोन. तीन वाजलेले. "काय करायलीस?" म्हणलं, "पीठ चाळायले." ती म्हणाली, "आमी गाडी भरायलोत." रात्री उसाचा ट्रक आला की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं असतं, वेळ कधीचीही. मग आमचं रोजचंच झालं, तिकडं गाडी आली की फोन. बोलायला काही नसायचं, नुसतं तिकडचं ट्रॅक्टरचं इंजिन आणि इकडची चाळणी.

कागदांचं तर विचारूच नका. मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळाले, तीन आणि दोन असे. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायला गेले तर वय एकवीस पाहिजे म्हणे. आई व्हायला चालते, बहीण व्हायला लहान पडते. जन्माच्या दाखल्याला समोरचा माणूस तीनदा म्हणाला वडिलांना घेऊन ये. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग बापाचं असा नियम झालाय, त्यामुळं बापाच्या आधी माझं नाव लागलं, ते मात्र मी दोनदा वाचलं.

लोक सल्ले फार देतात. हिंग लाव, दृष्ट काढ, दुसरं लग्न कर. मला सल्ला नको होता, मला केस धुवायचे होते. कुणीतरी अर्धा तास लेकरू धरा एवढंच. ते पहिल्यांदा केलं अंगणवाडीच्या मदतनीस मावशींनी. वजन करायला गेले होते, माझ्या डोक्याकडं बघून म्हणाल्या, "जा, न्हाऊन ये, मी हाय." मी घरी येऊन मोरीत इतकी रडले की पाणी गार झालं.

आता बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबर फॉर्म भरलाय, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. आई परत उसाच्या फडावरच असणार. पेपर तीन तासांचा, जाण्या-येण्याचे दोन तास, आणि मावशींची त्या वेळेत अंगणवाडी. मी कुणाला विचारणार नव्हते, पण परवा जिजीच आली, दारात उभी राहून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेपरला जाशील तवा टाक माझ्यापशी."

मध चाटवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. आता तेरा महिन्यांच्या लेकराला मध चालतो हे तिला सांगितलं नाहीये. चाळणी कुठल्या खुंटीला असते ते दाखवून ठेवलंय.