व्हिएन्नाचे राजवाडे आणि भिंतीवरचा मुघल दरबार

शोनब्रुन राजवाड्यात आम्ही एकामागून एक खोल्या ओलांडत होतो. सगळीकडे सोनेरी नक्षी, झुंबरं, आरसे. एका खोलीशी आई थांबली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपल्याकडची चित्रं!" खरंच होतं. गडद लाकडाच्या भिंती, त्यावर वळणावळणाच्या सोनेरी चौकटी आणि चौकटींच्या आत मुघल लघुचित्रं.

या खोलीला तिथे 'मिलियन रूम' म्हणतात. महाराणी मारिया तेरेसाच्या काळात ती सजवली. चौकटींचे आकार वेडेवाकडे, कागद मात्र सरळ आयताकृती. म्हणून राजघराण्यातल्या लोकांनी ती चित्रं कापली, तुकडे पुन्हा जुळवले आणि मोकळ्या राहिलेल्या जागा रंगवून भरल्या. अशा 60 चौकटी आहेत. नीट पाहिलं की एका चित्रातला माणूस दुसऱ्याच चित्रातल्या जमिनीवर उभा आहे हे कळतं. कुणा चित्रकाराने केसाएवढ्या रेषांनी महिनोन् महिने केलेलं काम असं कात्रीखाली गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. तरीही तिथून पाय निघेना. चित्रं बारीक आहेत आणि जवळ जाता येत नाही, म्हणून घरात छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या.

शोनब्रुनमध्ये 1,441 खोल्या आहेत, त्यातल्या जेमतेम चाळीस आपल्याला दिसतात. तिकीट घेताना एक गोष्ट पाहा. सगळ्याच फेऱ्यांत सगळ्या खोल्या येत नाहीत, म्हणून मिलियन रूम कोणत्या फेरीत येते ते आधी विचारा. थोडे युरो वाचवून ही खोली चुकवू नका. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते, म्हणून सकाळची सर्वांत पहिली वेळ घरूनच आरक्षित करा. दहानंतर गर्दीत खोलीपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. ऑडिओ गाइड घेतलंत तर दोन खोल्या लक्षपूर्वक ऐका. एक आरसेमहाल, जिथे 1762 साली सहा वर्षांच्या मोत्झार्टने वादन केलं. दुसरी सम्राट फ्रान्झ योझेफची निजायची खोली. अख्ख्या साम्राज्याचा धनी, पण पलंग साधा लोखंडी. त्याच खोलीत 1916 साली तो गेला.

मागची बाग फुकट आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढ आहे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही अर्ध्या वाटेवरच्या बाकावर बसून शहर पाहिलं, आणि तिथूनही ते छान दिसतं. जायला यू-4 मेट्रो, स्टेशनचं नावच शोनब्रुन.

आम्ही ऑक्टोबरात पाच दिवस होतो आणि रोज एकच मोठी वास्तू, असं ठरवलं होतं. सोमवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या, म्हणजे कलेच्या इतिहासाच्या संग्रहालयाच्या दाराशी गेलो तर दार बंद. उन्हाळ्याचे महिने सोडले तर ते सोमवारी बंद असतं, हे मी पाहिलंच नव्हतं. तुम्ही पाहून जा. गुरुवारी मात्र ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. संध्याकाळी सहानंतर सहलींचे गट निघून जातात आणि दालनं शांत होतात. आम्ही मग गुरुवारीच गेलो, आणि ते बरंच झालं.

या संग्रहालयात सोळाव्या शतकातला चित्रकार थोरला पीटर ब्रॉयगल याची बारा चित्रं आहेत, जगात कुठेही नाहीत इतकी. चित्रांसमोर बसायला मऊ कोच आहेत. 'बर्फातले शिकारी' या 1565 सालच्या चित्रासमोर आई आणि मी अर्धा तास बसलो. तीन शिकारी घरी परतताहेत, मागे थकलेली कुत्री, आणि एवढ्या सगळ्यांची शिकार काय, तर भाल्याला लटकलेला एकुलता कोल्हा. डावीकडे खाणावळीची पाटी एकाच कडीवर लोंबकळते आहे. खाली गोठलेल्या तळ्यांवर मुंगीएवढी माणसं घसरगुंडी खेळताहेत. आईने जन्मात बर्फ पाहिलेला नाही, पण म्हणाली, "केवढी थंडी आहे गं इथे." शेजारच्या 'शेतकऱ्यांच्या लग्ना'त बिजागरीवरून काढलेल्या दारावर ताटल्या ठेवून पंगतीला वाढतात. ते पाहून तिला माहेरची लग्नं आठवली. बाकीची दालनं आम्ही भराभर पार केली. जिन्यावर मात्र मान वर करा, खांबांच्या मधल्या जागांत व्हिएन्नाचा चित्रकार क्लिम्ट याने तरुणपणी रंगवलेल्या आकृती आहेत.

क्लिम्टचं 'चुंबन' पाहायला ऊर्ध्व बेल्व्हेडेर या राजवाड्यात जावं लागतं. डी नंबरची ट्राम दाराशी सोडते. चित्रासमोर कायम फोन उंचावलेले असतात. दोन-तीन मिनिटं बाजूला थांबलं की एक गट सरकतो आणि जागा होते. मग समोरून न पाहता जरा तिरकं उभं राहून पाहा. खरा सोन्याचा वर्ख आहे, कोन बदलला की तो वेगळा चमकतो, आणि छापील प्रतीत हे कधीच येत नाही.

होफबुर्ग या शहरातल्या राजवाड्यामधल्या खजिन्यात दहाव्या शतकातला अष्टकोनी मुकुट आहे, तो पाहा. फ्रान्झ योझेफची राणी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, हिच्यावरच्या सिसी म्युझियमसाठी वेळ नसला तरी हळहळू नका. त्याऐवजी पाच मिनिटांवरच्या कापुचिन मठाच्या तळघरात उतरा. हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातले सुमारे दीडशे जण तिथे पुरलेले आहेत. मारिया तेरेसा आणि तिच्या नवऱ्याची एकत्र शवपेटी खोलीएवढी. झाकणावर दोघं अंथरुणातून उठल्यासारखी एकमेकांकडे पाहताहेत. आणि तिच्या पायाशी मुलगा योझेफ दुसरा, तांब्याच्या अगदी साध्या पेटीत. शोनब्रुन आधी पाहून मग इथे या. तळघरात गार असतं, शाल जवळ ठेवा.

सेंट स्टीफन्स कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर उत्तर मनोऱ्यावर लिफ्टने जा, रंगीत कौलांचं छप्पर तिथून हाताच्या अंतरावर दिसतं.

खाण्याचं थोडं सांगते. शाकाहारी असाल तर "ओने फ्लाइश", म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. सूप नुसतं पातळ पाणी दिसलं तरी ते बहुतेक वेळा गोमांसाच्या अर्काचं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. केझेश्पेत्सले हा चीजमधला प्रकार आईला आवडला, वरून हिरवी मिरची हवी होती एवढंच. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून. रविवारी दुकानं बंद असतात, फळं-दूध शनिवारीच आणून ठेवा.

मेट्रोला फाटकं नाहीत, पण साध्या कपड्यांतले तपासनीस येतात, म्हणून कागदी पास पहिल्याच प्रवासात यंत्रात ठोकून घ्या. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, तेवढं वेगळं तिकीट काढा. एस-7 लोकल स्वस्त पडते.

शेवटच्या दिवशी एमएके या उपयोजित कलांच्या संग्रहालयात गेलो, ते 'हम्झानामा', म्हणजे हम्झाच्या साहसकथांच्या चित्रांसाठी. अकबराच्या चित्रशाळेत मोठ्या कापडांवर रंगवलेली ही चित्रमाला, मुळात 1,400 चित्रांची. उरलेल्यांपैकी 60 चित्रं व्हिएन्नात आहेत, 1873 च्या जागतिक प्रदर्शनातून घेतलेली. रंग नाजूक असल्याने ती कायम मांडलेली नसतात, आणि आमच्या वेळीही नव्हती. तुम्ही जाण्याआधी संग्रहालयाला ईमेल करून विचारा. मांडलेली असतील तर शोनब्रुनला गेल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी इथे जा, कात्री न लागलेलं मुघल चित्र डोळे भरून पाहता येईल.