पेवाचं तोंड

काळा रंग मी ट्यूबमधला कधी घेत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओले असतानाच कागदावर एकमेकांत सोडायचे. त्यातून जो काळपट उतरतो, त्यात जीव असतो. चित्रकलेच्या तासाला मुलांना हेच सांगत निवृत्त झालो. पण गेल्या रविवारी हरिपुरात हाही काळा पुरला नाही.

पेव काढायला बसलो होतो. सांगलीकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव आणि पेव म्हणजे हळदीचं जमिनीतलं कोठार. वर दिसतं ते माणूस उतरेल एवढंच तोंड, पोट सगळं खाली. इथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, पोतीच्या पोती गेली आणि बहुतेक व्यापार गोदामांकडं वळला.

मोटेची विहीर, गुऱ्हाळ, पडका वाडा, सगळं काढून झालंय. ते दिसतं तरी. हे दिसतच नाही, मग काढायचं काय?

शेळी घेऊन निघालेले एक तात्या मागं येऊन थांबले. "मास्तर, ही गवरी हाय व्हय?"

राग आला. मग बघितलं, तर खरंच गवरी थापली होती.

तात्यांनी तरुणपणी पेवात हमाली केलेली. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. "इझला तर वर बसून बिडी वढायची. आत न्हाय जायाचं."

दुसरा कागद लावला. आता नीट दिसलं. माझ्याकडची कड कापल्यासारखी, पलीकडची आतली भिंत मात्र वरच्या चार बोटांत उन्हानं उजळलेली, आणि तिथून खाली अंधार. उजेडाची ती चार बोटं मी पहिल्या कागदावर खाऊन टाकली होती. ती राखली, कड कोरडी ठेवली आणि खालचा भाग ओला असतानाच रंग सोडून दिला. आपोआप खाली उतरत गेला.

मागं एका प्लॉटचं कुंपण आणि पाण्याची निळी टाकी होती, तीही काढली. टाकी गाळली असती तर चित्र लवकर विकलं गेलं असतं, हे मलाही कळतं. पण मग ते हरिपूर कुठलं? कॅलेंडर झालं असतं.

तात्या परतताना पुन्हा थांबले. "आता वाईच खोल झालंय. पर पिवळं कुठाय? आमचं पाय आठ-आठ दिस पिवळं ऱ्हायाचं."

"तात्या, आता इथं हळद कुठाय?"

ते काही बोलले नाहीत, शेळीला हाकत निघून गेले. पिवळ्या गॅम्बोजची ट्यूब पेटीतच होती. उघडली नाही.