दुसरी हार्ड डिस्क फॉरमॅट होत नव्हती

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि ती सारी घरच्याच संगणकावर ठेवतो. अल्बम दिला म्हणजे काम संपले असे होत नाही; पाच-सहा वर्षांनी कोणीतरी येतो, वडील आता राहिले नाहीत आणि त्यांचा एकच चांगला फोटो त्या लग्नातला आहे, असे सांगतो. म्हणून प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवण्याचा माझा नियम आहे. त्यासाठीच यंदा जुन्या संगणकातील एक टेराबाइटची डिस्क काढून या संगणकात बसवली. तिच्यावरील सर्व फाइली मी आधीच उतरवून घेतल्या होत्या.

फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून नव्याने वापरण्याजोगी करणे, मात्र होईना. क्विक फॉरमॅट थोडा वेळ चाले आणि मग फॉरमॅट पूर्ण करता आले नाही, असा संदेश येई. डिस्क मॅनेजमेंट या विंडोजच्या डिस्कांच्या यादीत ती कधी दिसे, कधी नाहीशी होई. तालुक्याच्या एका दुकानात विचारले, तर डिस्क न पाहताच उत्तर मिळाले, "भाऊ, गेली ती डिस्क, नवी घ्या." मला ते पटले नाही, कारण दोनच दिवसांपूर्वी जुन्या संगणकात याच डिस्कवरून सगळ्या फाइली विनातक्रार उतरल्या होत्या.

प्रथम डिस्कपार्ट, म्हणजे आज्ञा टाइप करून डिस्क हाताळण्याचा विंडोजमधला प्रोग्राम, उघडून पाहिला. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे: 'क्लीन' ही आज्ञा निवडलेल्या डिस्कवरील विभागांची नोंद तत्काळ पुसते, त्यामुळे डिस्कचा क्रमांक चुकला तर चांगल्या डिस्कवरचा ऐवज हातचा जातो. एक टेराबाइटची डिस्क विंडोजला साधारण ९३१ जीबी दिसते. मी त्या आकड्यावरून डिस्क ओळखली आणि तरीही पुन्हा एकदा ताडून पाहिली. डिस्क 'रीड-ओन्ली', म्हणजे केवळ वाचण्यापुरती, नव्हती, पण 'क्लीन' दिल्यावर आय-ओ एरर, म्हणजे माहितीच्या देवाणघेवाणीतली चूक, आली. याचा अर्थ लिहिण्याची आज्ञा डिस्कपर्यंत पोहोचत नव्हती किंवा डिस्क ती पाळत नव्हती, आणि या दोहोंतील फरक शोधणे हेच खरे काम होते.

तो फरक डिस्क स्वतःच सांगते. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची 'स्मार्ट' नावाची नोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ती वाचता येते. त्यातील ०५ हे खाते म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचे छोटे तुकडे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने संशयित म्हणून बाजूला नोंदलेले सेक्टर, आणि सी७ म्हणजे डिस्क व मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड) यांच्यातील वाटेत बिघडलेल्या माहितीची मोजणी. माझ्या डिस्कची ०५ आणि सी५ ही दोन्ही खाती शून्यावर होती, सी७ मात्र ४१२ होते आणि प्रत्येक प्रयत्नागणिक वाढत होते. (हे आकडे मुळात षोडशमान, म्हणजे सोळा चिन्हांच्या, पद्धतीत दिसतात, सेटिंग बदलून दशमान करून घ्यावेत, नाहीतर अर्थाचा अनर्थ होतो.) दोष डिस्कमध्ये नव्हता, वाटेत होता.

संगणक बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडले. याच खोलीत वेचणीचा कापूस भरून ठेवावा लागतो, त्यामुळे पंख्यांवर रुईचा थर होता. तो ब्रशने काढला. डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकाची पकड तुटलेली होती आणि ती बोटाच्या हलक्या स्पर्शानेही हलत होती. नवी केबल लावून मदरबोर्डवरील दुसऱ्या सॉकेटमध्ये बसवली, आणि 'क्लीन' पहिल्याच प्रयत्नात पार पडले.

त्यानंतर क्विक फॉरमॅटवर समाधान न मानता पूर्ण फॉरमॅट केले. क्विक फॉरमॅट केवळ फाइल प्रणालीचा नवा आराखडा मांडते, तर विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहीत जाते. त्यामुळे कुठे कमकुवत जागा असलीच तर ती लग्नाचे फोटो ठेवण्यापूर्वीच उघडी पडते. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो आणि मधेच खंड पडला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते, म्हणून रात्री दहाला सुरू केले. जवळजवळ तीन तास लागले.

सी७चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही, तो पुढे वाढतो की नाही एवढेच पाहायचे असते. केबल बदलली त्या दिवशी तो ४३७ होता. त्यानंतर चार लग्नांचे फोटो या डिस्कवर चढवले, आणि आज सकाळीही तो ४३७च आहे.