वाणाच्या शेकपिशव्या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पौष लागला की हा प्रश्न हमखास येतो: “संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तळहातात मावतील अशा शेकपिशव्या शिवायच्यात, पंचवीसेक जोड्या. आत काय भरायचं? आणि मायक्रोवेव्हमध्ये पेटत तर नाहीत ना?”

थोडक्यात उत्तर असं: तांदूळ भरा, एका पिशवीत ७५ ग्रॅमच भरा. आणि हो, कापड चुकलं किंवा वेळ चुकली तर पेटूही शकतात. आता सविस्तर.

वस्तू आपल्याला नवी नाहीच. तव्यावर टेकवलेली ओव्याची पुरचुंडी, गुडघ्याला खड्या मिठाचा शेक, हे घरोघरी होतंच. त्याच पुरचुंडीला चार बाजूंनी शिवण घातली की झाली शेकपिशवी. फक्त तिच्याकडून अपेक्षा बेताची ठेवा. तापवलेली पिशवी हातात धरली तर १५-२० मिनिटं ऊब देते, जाकिटाच्या खिशात थोडी जास्त. बाजारात फोडून वापरायची जी पाकिटं मिळतात ती काही तास गरम राहतात, कारण त्यांच्यात लोखंडाची पूड असते. हवा लागली की ती गंजायला लागते आणि गंजता गंजता उष्णता देत राहते. आपल्या पिशवीत नवी उष्णता तयार होत नाही, भरलेली तेवढीच बाहेर येते. निफाडकडच्या पहाटेला एवढ्यावर भागणार नाही, पण गाडी सुरू करून कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत जाऊन यायला पुरते. मुंबईच्या जानेवारीत हात शेकायची वेळ क्वचितच येते. तिथे या पिशव्या एसीच्या ऑफिसात आखडलेल्या बोटांच्या कामी येतात.

तांदूळच का, ते सांगते. मायक्रोवेव्ह मुख्यतः दाण्यातल्या पाण्याला तापवतो. साठवणीच्या तांदळात १२ ते १४ टक्के ओलावा असतो, त्यामुळे दाणा आतून तापतो. कोरडं मीठ आणि वाळू तव्यावर झकास तापतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र जेमतेम. शिवाय मीठ पावसाळ्यात पाणी धरतं आणि पिशवी ओलसर होते. जवस आणि मोहरी हाताला फार सुखद लागतात, दाणा गुळगुळीत आणि घरंगळता असतो, पण दोन्ही तेलबिया. सतत तापवून तेलाला खवट वास येतो आणि कापडावर डाग पडतात. मका तर नकोच, दाणे फुटून लाह्या होतात. पोहे-कुरमुरे वजनाला हलके, त्यांत उष्णता साठणार ती किती? गहू चालतो, फक्त तापल्यावर ओल्या पोत्यासारखा वास मारतो. काहींना तो आवडतो.

तांदळातही उकडा घ्या. त्याचा दाणा टणक असतो, घासून पीठ कमी पडतं. कणी स्वस्त पडते म्हणून भरू नका. तिची भुकटी कापडाच्या विणीतून झिरपते आणि काळ्या कोटाच्या खिशात पांढरी धूळ जमते. वर्षाच्या साठवणीतले तांदूळ घेणार असाल तर त्याला काय लावलंय ते आधी आठवा. बोरिक पावडर लावलेला तांदूळ हातात धरायच्या वस्तूत घालू नये, आणि एरंडेल चोळलेला कापडाला तेलकट करतो. सरळ दुकानातून साधा कोरा तांदूळ आणा, चाळा, आणि बंद पिशवीतून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. टोक्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर हवेतलं बाष्प जमून तांदूळ ओला होतो. खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडा.

वासासाठी काही घालायचंच असेल तर एका पिशवीत पाव चमचा ओवा पुरे. दालचिनीची पूड डाग पाडते, आणि सुगंधी तेलाचे थेंब तर मुळीच नकोत. तेल एका जागी साचतं आणि नेमकं तिथेच करपतं.

आता कापड. शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीचं. मांजरपाट, पॉपलिन, जरा जाडसर खादी, यांतलं काहीही चालेल. जुन्या सुती साडीचा मोह सगळ्यांना होतो. मऊ असते खरी, पण विरलेलं कापड शिवणीजवळ आधी फाटतं. खणाच्या पिशव्या दिसतात देखण्या, म्हणूनच धोक्याच्या. स्वस्तातल्या खणात बऱ्याचदा पॉलिएस्टर असतं आणि ते तव्यावर वितळून चिकटतं. एक धागा ओढून काडीने पेटवून बघा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टरचा गोळा होऊन कडक मणी बनतो. आणि काठात जरीची तार असेल तर ती पिशवी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. धातूच्या तारेमुळे ठिणग्या उडतात. टिकल्या, आरसे, हूक यांनाही तोच नियम. दोरासुद्धा सुती वापरा.

अंदाज असा घ्या. तयार पिशवी ९ सेंटिमीटर चौरस, म्हणजे शिवणीसाठी चहूकडून १ सेंटिमीटर धरून तुकडा ११ चा कापायचा. एका पिशवीला दोन तुकडे, जोडीला चार, २५ जोड्यांना शंभर. ४४ इंची पन्ह्याचं दीड मीटर कापड आटल्यानंतरही एवढ्याला पुरतं, पाच-सात तुकडे उरतात. तांदूळ पावणेचार किलो. कापड कापण्याआधी कोमट पाण्यात धुवाच. नव्या कापडाची खळ गेली नाही तर पहिल्यांदा तापवताना तिचाच वास येतो.

शिवण सोपी आहे. सुलट बाजू आत घेऊन दोन तुकडे जुळवा आणि १ सेंटिमीटर आतून बारीक टीप मारा, टाका साधारण २ मिलिमीटरचा. एका बाजूच्या मध्यावर ४ सेंटिमीटर तोंड उघडं ठेवा. कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यातलं तोंड कधीच नीट बंद होत नाही. तोंडाच्या दोन्ही टोकांना तीन-चार टाके पुढे-मागे घ्या, कारण उलटवताना सगळा ताण तिथेच येतो. मग पहिल्या टिपेच्या बाहेरून, दोन मिलिमीटरवर, दुसरी टीप. हाताने शिवणार असाल तर धावदोरा चालणार नाही, बखियाच घाला. कोपरे तिरके छाटा, टिपेपासून थोडं लांब. उलटवल्यावर कोपरा बाहेर काढायला कात्रीचं टोक वापरू नका, पेन्सिलीची बोथट बाजू वापरा.

यानंतरची पायरी बहुतेक जणी गाळतात: तांदूळ भरण्याआधी उघड्या तोंडाच्या दोन्ही कडा आत दुमडून इस्त्री करा. भरल्यावर ती घडी सरळ बसत नाही, शिवण वाकडी जाते आणि पिशवी पुढे तिथेच उसवते. उसवलेल्या पिशवीकडे बघाल तर बहुधा तोंडाचीच शिवण गेलेली दिसेल.

भरताना जाड कागदाचं नरसाळं करा, खालचं भोक दीड सेंटिमीटरचं. त्याहून लहान केलंत तर दाणे अडकतात. ७५ ग्रॅम एकदा काट्यावर मोजा आणि एका वाटीवर खूण करून ठेवा, म्हणजे पन्नास वेळा मोजावं लागणार नाही. पिशवी दोन-तृतीयांशच भरते आणि ती रिकामी वाटते. हात शिवशिवतो, वाटतं अजून मूठभर घालावं. घालू नका. ठासून भरलेली पिशवी चेंडूसारखी होते, तळहाताला टेकते ती एकाच ठिकाणी. सैल पिशवी बोटांमध्ये शिरते, ऊब तिथे हवी असते. वर ठासलेली पिशवी कुठे कढत, कुठे गार अशी तापते, आणि शिवणीवर ताण येतो तो वेगळाच.

तोंड बंद करताना तांदूळ तळाशी झटका, वर कपड्यांचा चिमटा लावा आणि कडेपासून ३ मिलिमीटरवर मशीनने टीप मारा. दाणा सुईखाली आला तर सुई मोडते, म्हणून चिमट्याशिवाय करू नका. दोन-चारच पिशव्या असतील तर दुहेरी दोऱ्याने हाताने शिवलेलं जास्त सुबक दिसतं. टाचण्या मोजून लावा, मोजून काढा. तांदळात हरवलेली टाचणी टोचते तर खरीच, मायक्रोवेव्हमध्ये ठिणगीही पाडते.

तापवण्याबद्दल. ७००-८०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये एका जोडीला आधी ३० सेकंद, मग हात लावून बघत १०-१० सेकंद. एका मिनिटापुढे नाहीच. दोन्ही पिशव्या शेजारी सपाट ठेवा, एकावर एक नको. काचेचं ताट स्वच्छ असावं आणि ते फिरतंय ना हे बघा. अडकलं तर एकाच जागी तापून कापडाला तपकिरी डाग पडतो, आणि पेट घेण्याची सुरुवात तीच. वाफ सुटून पिशवी दमट लागते, त्यात वावगं काही नाही. उलट प्रत्येक वेळी दाण्यातलं थोडं पाणी उडतं म्हणूनच जुनी पिशवी नव्याइतकी तापत नाही आणि लोक वेळ वाढवत नेतात. तिथेच चूक होते. कोरडा झालेला दाणा करपतो. जुन्या पिशवीबरोबर अर्धा कप पाणी ठेवून तापवा. आणि कोमट पिशवी लगेच पुन्हा तेवढाच वेळ लावू नका, पूर्ण गार होऊ द्या.

मायक्रोवेव्ह नसलेल्या घरी तवा आहेच. जाड तवा मंद आचेवर दोन मिनिटं तापवा आणि गॅस बंद करा. तव्यावर सुती फडक्याची घडी, त्यावर पिशवी, एकेका बाजूने मिनिटभर. आच चालू ठेवून पिशवी तव्यावर टाकायची आणि कांदा चिरायला वळायचं, असं करू नका. कुकरमध्येही ठेवू नका, तांदूळ शिजतो.

ही पिशवी धुता येत नाही. वाणाला देताना प्रत्येक जोडीला चिठ्ठी बांधा, नाहीतर कुणीतरी ती मशीनमध्ये टाकणार आणि आत भात होणार. चिठ्ठीवर एवढं पुरे: “आत तांदूळ आहे, धुऊ नये. जोडी ३० सेकंद, गरज वाटल्यास आणखी १०. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावी. लहान बाळाला, हात बधिर होणाऱ्या मधुमेह्याला देऊ नये, झोपताना अंथरुणात घेऊ नये.” शेवटचं वाक्य जागेअभावी गाळू नका. नुसती ४४ अंशांची ऊबही तासन्‌तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते, आणि झोपलेल्याला किंवा बधिर हाताला ते कळत नाही.

थंडी सरली की पिशव्या स्टीलच्या डब्यात ठेवा. कपाटात ठेवल्या तर उंदरांना मेजवानी. पुढच्या वर्षी तापवून वास घ्या. भाजल्यासारखा वास आला तर तोंडाची शिवण उसवा, तांदूळ कंपोस्टमध्ये टाका, कापड धुऊन इस्त्री करा आणि पुन्हा ७५ ग्रॅम भरा.